शिष्यवृत्तीचे दार कोणत्या नावाने उघडते

माता व बालक यांच्या आरोग्याचा पदव्युत्तर अभ्यास करण्याची उमेद बाळगणारी बुलढाणा जिल्ह्यातील विद्यार्थिनी शिष्यवृत्तीच्या शोधास लागली की तिची पहिली फसगत शब्दांपाशी होते. कारण ज्या विषयाचे नाव तिने मनाशी घोळवलेले असते ते नाव खात्यांच्या जाहिरातींत आणि शासननिर्णयांत तिला भेटत नाही, आणि ते भेटत नाही म्हणून आपल्या विषयासाठी सरकारदरबारी काही तजवीजच नाही अशी समजूत करून घेऊन ती दुसऱ्या एखाद्या मार्गाला लागते. ही समजूत चुकीची आहे. तजवीज आहे, आणि ती बऱ्यापैकी आहे. मात्र ती विषयाच्या नावाने नसून विद्यार्थ्याच्या प्रवर्गाच्या, पदवीच्या आणि संस्थेच्या नावाने आहे.

गेल्या उन्हाळ्यात मोताळा तालुक्यातील एका उपकेंद्रावर सामुदायिक आरोग्य अधिकारी म्हणून काम करणारी एक तरुणी माझ्याकडे सल्ल्यासाठी आली होती. बी.एस्सी. नर्सिंग झालेली, बोलण्यात मोजकी, हातात लसीकरणाच्या नोंदींना वापरतात तशी जाड पुठ्ठ्याची वही. वहीच्या शेवटच्या पानावर तिने पाच शिष्यवृत्त्यांची नावे सुवाच्य अक्षरांत उतरवून घेतली होती, आणि प्रत्येक नावात ‘माता व बाल आरोग्य’ हे शब्द होते. दुर्दैवाने पाचही अमेरिकेच्या होत्या. त्या देशात १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याच्या पाचव्या प्रकरणान्वये या विषयाला संघराज्याच्या तिजोरीतून स्वतंत्र पैसा मिळू लागला, आणि त्याच तरतुदीतून आजही तेथील विद्यापीठांत या विषयाच्या विद्यार्थ्यांना विद्यावेतन दिले जाते. परंतु ते अमेरिकेच्या नागरिकांना अथवा तेथे कायम वास्तव्याचा परवाना असलेल्यांनाच. न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या एखाद्या मराठी कुटुंबातील, तेथेच जन्मलेली मुलगी त्यास पात्र ठरेल. मोताळ्याची ठरणार नाही. तिने काही न बोलता पाचही नावांवर रेघ मारली आणि विचारले, ‘‘मग आपल्या इकडे काय आहे, सर?’’

तिला जे सांगितले तेच येथे थोड्या विस्ताराने सांगतो.

आपल्या देशात हा विषय एका छपराखाली नांदत नाही. भाऊबंदकीत शेत वाटले जावे तसा तो निरनिराळ्या पदव्यांत वाटला गेला आहे. परिचारिकेसाठी तो एम.एस्सी. नर्सिंगमधील प्रसूती व स्त्रीरोग परिचर्या आणि बालआरोग्य परिचर्या या शाखांत आहे, एम.बी.बी.एस. झालेल्यांसाठी स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्र, बालरोग आणि सामाजिक वैद्यकशास्त्र यांत आहे. आयुर्वेदाच्या पदवीधरांसाठी प्रसूतितंत्र व स्त्रीरोग आणि कौमारभृत्य या नावांनी आहे. गृहविज्ञानाच्या विद्यार्थिनीसाठी आहार व पोषण या शाखेत, समाजकार्याच्या विद्यार्थ्यासाठी सार्वजनिक आरोग्याच्या पदवीत, आणि संख्याशास्त्र किंवा अर्थशास्त्र घेतलेल्यासाठी लोकसंख्याशास्त्रात आहे. तेव्हा पहिले काम हे, की आपली पहिली पदवी यांपैकी कोणत्या दारातून आत नेते ते ठरवावे, आणि मगच शिष्यवृत्तीचा विचार करावा. उलट्या क्रमाने गेलेली मंडळी पुष्कळ पाहिली आहेत; एखाद्या योजनेची रक्कम मोठी दिसली म्हणून तिच्यामागे धावायचे आणि मुदत संपता संपता कळायचे की आपली पदवी त्या अभ्यासक्रमाला चालतच नाही.

ज्यांना वैद्यकाची पदवी नाही पण आकड्यांची भीती नाही, त्यांना मी विनासंकोच मुंबईच्या देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेचे नाव सुचवतो. १९५६ साली स्थापन झालेल्या या संस्थेकडेच राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे काम असते. पहिली पाहणी १९९२-९३ ची, पाचवी २०१९-२१ ची. माता-बालकांविषयी वर्तमानपत्रांत जे जे आकडे छापून येतात, रक्तक्षयाचे, कुपोषणाचे, दवाखान्यात होणाऱ्या बाळंतपणांचे, त्यांतील पुष्कळसे मूळचे या पाहणीतले असतात, आणि तेथे शिकणाऱ्याला ते कसे गोळा होतात व कोठे फसवे ठरतात हे आतून पाहावयास मिळते. शिवाय तेथील पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारच्या अधिछात्रवृत्त्या संस्थेशीच जोडलेल्या आहेत. प्रवेश मिळाला की वेगळ्या दारी जाऊन हात पसरावा लागत नाही. त्याच परिसरात टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहे, जेथे सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी मिळते. पुण्यास सावित्रीबाई फुले विद्यापीठातही ती आहे. पोषणासाठी फार दूर जाण्याची गरज नाही. अमरावतीच्या संत गाडगेबाबा विद्यापीठात गृहविज्ञान आहे, आणि मुंबईस श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात तर ही शाखा चांगलीच नावाजलेली आहे. डॉक्टरांविषयी विस्ताराने लिहीत नाही, कारण एम.डी. करणाऱ्या निवासी डॉक्टराला विद्यावेतन मिळतेच; त्याची चिंता पैशाची नसून जागेची असते.

येथे थोडे मागे वळून पाहणे अप्रस्तुत होणार नाही. जमशेटजी टाटांनी १८९२ साली भारतीय विद्यार्थ्यांना परदेशी पाठविण्यासाठी जो निधी उभारला, त्याच्या अगदी आरंभीच्या लाभार्थींत फ्रेनी कामा आणि कृष्णाबाई केळवकर या दोन स्त्री-डॉक्टर होत्या, आणि दोघींचेही क्षेत्र स्त्रियांचे आरोग्य व प्रसूती हेच होते. कृष्णाबाई कोल्हापूरच्या. त्यांच्या मातोश्री रखमाबाई संस्थानातील स्त्रीशिक्षणाचे काम पाहत, आणि कृष्णाबाईंच्या शिक्षणास शाहू महाराजांचा आश्रय लाभला. परत येऊन त्यांनी कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळात आयुष्याची उमेदीची वर्षे बायकांच्या बाळंतपणांत घालविली. त्याआधी काही वर्षे आनंदीबाई जोशी १८८६ साली पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन बाहेर पडल्या होत्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय हिंदूंचे प्रसूतिशास्त्र हा होता, आणि स्वतःचे दहा दिवसांचे मूल गमावलेल्या बाईने तो निवडला होता. म्हणजे आपल्याकडे परदेशी शिक्षणासाठी स्त्रीच्या हाती पैसा पडण्याची परंपरा ज्या विषयापासून सुरू झाली तो विषय नेमका हाच होता, आणि आज त्याच विषयाच्या विद्यार्थिनीला ‘आपल्यासाठी काही नाही’ असे वाटावे हा मोठा विपर्यास आहे. टाटांचा तो निधी अद्याप चालू आहे. मात्र तो कर्जरूप शिष्यवृत्तीचा आहे, म्हणजे शिक्षण संपल्यावर रक्कम परत करावयाची असते, हे अर्जाआधीच घरात सांगून ठेवावे.

आता राज्यातील योजनांकडे येऊ. महाराष्ट्रात राहून शिकणाऱ्यास बहुतेक सर्व अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळाच्या एकाच खिडकीतून करावे लागतात, पण त्या खिडकीमागे खाती निरनिराळी बसलेली आहेत, आणि कोणता अर्ज कोणाच्या टेबलावर जातो हे ठाऊक असणे हितावह असते. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांची भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती समाजकल्याण खात्याकडे असते आणि तिला वार्षिक कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाखांची आहे; वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांसाठी याच खात्याची स्वाधार योजना आहे. या दोहोंची चौकशी बुलढाण्यासच सामाजिक न्याय भवनातील सहायक आयुक्तांच्या कार्यालयात होते. अनुसूचित जमातींची गोष्ट निराळी आहे, आणि संग्रामपूर व जळगाव जामोद तालुक्यांतील सातपुड्याच्या पायथ्याच्या मुलामुलींना ती कोणीतरी वेळेवर सांगितली पाहिजे: त्यांचे प्रकल्प कार्यालय जिल्ह्याच्या ठिकाणी नसून अकोल्यास आहे. भिंगाऱ्याहून किंवा चाळीसटापरीहून निघालेला माणूस बुलढाण्याला जाऊन, तेथून अकोल्याचा रस्ता विचारत परतला की त्याचा एक दिवस आणि दोन दिवसांची मजुरी बुडते. मराठा व कुणबी समाजासाठी ‘सारथी’, इतर मागासवर्ग व विमुक्त-भटक्यांसाठी ‘महाज्योती’, अनुसूचित जातींसाठी ‘बार्टी’ या संस्था आहेत, पण त्यांची मोठी मदत पीएच.डी.च्या टप्प्यावर अधिक कामास येते. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुखांच्या नावाने वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. आपल्या जिल्ह्यात त्यास पात्र घरे किती असतील याचा विचार केला, तर तो मागणारे इतके थोडे का, याचे नवल वाटते.

मुलींसाठी आणखी एक गोष्ट अलीकडची आणि महत्त्वाची आहे. ८ जुलै २०२४ च्या शासननिर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क यांची पूर्ण माफी मिळाली. नर्सिंगच्या मुलींनी मात्र दोन अटी नीट वाचाव्या. प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा, संस्थेच्या स्तरावरील कोट्यातून नव्हे. आणि महाविद्यालय अभिमत किंवा खाजगी विद्यापीठाचे नसावे. मोठ्या शहरातील चकचकीत इमारतीचे माहितीपत्रक हाती पडले की पहिल्या पानावरील छायाचित्रे पाहण्याआधी ‘अभिमत’ हा शब्द कोठे बारीक टाइपात आहे काय ते शोधावे.

केंद्रीय विद्यापीठ अनुदान आयोगाचीही पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी एक राष्ट्रीय शिष्यवृत्ती आहे. दरमहा १५,००० रुपये, वर्षातून दहा महिने, निवड पदवीच्या गुणांवरून, आणि जागांपैकी ३० टक्के स्त्रियांसाठी. हिचा अर्ज महाडीबीटीवर नव्हे, राष्ट्रीय शिष्यवृत्तीच्या स्वतंत्र खिडकीवर करावा लागतो. एकाच वेळी दोन सरकारी शिष्यवृत्त्या उचलता येत नाहीत, ही अट जवळजवळ सर्वत्र असते. तेव्हा अर्ज दोहोंचे करावे, स्वीकार एकीचाच करावा.

आता ज्या गोष्टीपायी अर्ज सर्वांत अधिक अडतात त्या गोष्टीकडे वळतो, आणि ती गोष्ट गुण नव्हे, कागद होय. परदेशी विद्यापीठाने प्रवेश दिला, खात्याने नाव यादीत घेतले, आणि केवळ जात वैधता प्रमाणपत्र वेळेवर न मिळाल्यामुळे सारे मुसळ केरात गेले, अशी उदाहरणे मी जवळून पाहिली आहेत. जातीचा दाखला आणि वैधता प्रमाणपत्र हे दोन भिन्न दस्तऐवज आहेत. दाखला उपविभागीय अधिकाऱ्यांकडून मिळतो. वैधता प्रमाणपत्र पडताळणी समितीकडून मिळते, आणि त्याला कित्येक महिने लागू शकतात. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचा, वडिलांकडील पूर्वजाचा महसुली वा शालेय पुरावा समिती मागते. आपला जिल्हा वऱ्हाडचा. १९०३ पासून मध्यप्रांताला जोडलेला आणि १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात असलेला. त्यामुळे आजोबांच्या शाळेचा किंवा कोतवाल बुकातला उतारा हाती आला तर त्यावरील शिक्का मध्यप्रांताचा किंवा मध्य प्रदेशाचा असणे स्वाभाविक आहे, त्यात घाबरण्याचे काही नाही. ज्यांचे पणजोबा जाफ्राबाद किंवा भोकरदनकडून, म्हणजे त्या काळच्या निजामाच्या मुलखातून आलेले आहेत, त्यांची कागदपत्रे उर्दूत किंवा मोडीत निघतात, आणि त्यांचे प्रमाणित लिप्यंतर अथवा भाषांतर करून घेण्यात पंधरवडा सहज जातो. ज्यांचे पूर्वज त्या तारखेस बऱ्हाणपुराकडे होते त्यांचे प्रकरण याहून बिकट. त्यांनी अर्ज टाकण्याआधीच समितीच्या कार्यालयात जाऊन विचारून घ्यावे.

नावांचा घोळ हा दुसरा शत्रू. त्या मोताळ्याच्या मुलीची कागदपत्रे आम्ही टेबलावर ओळीने मांडली, तेव्हा वडिलांचे नाव शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘ज्ञानदेव’, आधारकार्डावर ‘ज्ञानेश्वर’, आणि नर्सिंगच्या गुणपत्रिकेवर एक अक्षर गाळून ‘ज्ञानेशर’ असे निघाले. तिघेही एकच गृहस्थ, आणि तेही व्हरांड्यात बसून तंबाखू मळीत होते. ते उठून आत आले आणि म्हणाले, ‘‘मले तं समदे ग्यानबाच म्हणतात.’’ हसू आले खरे, पण त्या तीन नावांचे एक करण्यास त्यांना प्रतिज्ञापत्र करावे लागले, आधारकार्ड दुरुस्त करावे लागले आणि गुणपत्रिकेसाठी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे अर्ज करावा लागला. विवाहित विद्यार्थिनींनी याबाबत दुप्पट सावध राहावे. जातीचा दाखला माहेरच्या नावाचा, पारपत्र सासरच्या नावाचे आणि पदवी त्यांच्या मधल्या कुठल्यातरी नावाची असली, तर विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र व राजपत्रातील नावबदल हे दोन्ही हाताशी असावेत. आणि उत्पन्न कोणाचे, पित्याचे की पतीचे, हे त्या त्या योजनेच्या अटींतून पाहून घ्यावे. उत्पन्नाच्या व नॉन-क्रिमीलेअरच्या दाखल्यावर मुदत छापलेली असते आणि ती सामान्यतः ३१ मार्चला संपते. फेब्रुवारीत धावपळ करून काढलेला दाखला एप्रिलच्या जाहिरातीस निरुपयोगी ठरतो, हे समजायला माझ्या घरातल्याच एका मुलाचे एक वर्ष गेले. त्यावेळी कोणत्या खिडकीवर कोणी काय सांगितले ते येथे लिहून उपयोग नाही. चूक आमचीही होती, कारण मुदतीची ओळ आम्ही वाचलीच नव्हती.

परदेशी शिष्यवृत्त्यांपैकी आपल्या राज्याची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची योजना अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. तिच्या ७५ जागा आहेत आणि निवड पुण्याच्या समाजकल्याण आयुक्तालयामार्फत होते. इतर मागास, आदिवासी, अल्पसंख्याक व खुल्या प्रवर्गांसाठी त्या त्या खात्यांच्या अशाच योजना आहेत, आणि ‘सारथी’ची योजना महाराजा सयाजीराव गायकवाडांच्या नावाची आहे. गुणांच्या, उत्पन्नाच्या आणि विद्यापीठाच्या क्रमवारीच्या अटी गेल्या काही वर्षांत वारंवार बदलल्या आहेत, म्हणून मागच्या वर्षीच्या उमेदवाराच्या सांगण्यावर विसंबू नये. त्या वर्षीची मूळ जाहिरात, तीही शेवटच्या परिशिष्टापर्यंत, वाचावी. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती १२५ जागांची असून ती अनुसूचित जातींपुरतीच नाही. विमुक्त व भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांनाही तीत स्थान आहे, आणि ३० टक्के जागा स्त्रियांसाठी आहेत. पस्तिशीच्या आत वय, पदवीस ६० टक्के गुण आणि आठ लाखांच्या आत उत्पन्न ही तिची ढोबळ चौकट. कोरडवाहू तालुक्यांतल्या शेतमजुराच्या किती मुलींना आपण या चौकटीत बसतो हे ठाऊक असेल?

क्रमवारीविषयी एक सूचना या विषयाच्या विद्यार्थ्यांसाठी विशेष महत्त्वाची आहे. सार्वजनिक आरोग्य शिकू पाहणाऱ्याच्या कानावर लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिन हे नाव प्रथम येते, आणि ते योग्यच आहे; परंतु ती एकाच क्षेत्राला वाहिलेली संस्था असल्यामुळे क्यूएसच्या सर्वसाधारण जागतिक क्रमवारीत ती दिसत नाही, आणि आपल्या बहुतेक योजनांची पात्रता त्याच क्रमवारीवर मोजली जाते. म्हणजे जगातील एक अग्रगण्य संस्था प्रवेश देते आणि आपले खाते ती यादीत नाही म्हणून पैसे नाकारते, असा विचित्र प्रसंग उद्भवू शकतो. यास्तव अशा संस्थेबरोबर युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन, किंग्ज कॉलेज, एडिंबरा किंवा अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स यांसारख्या, क्रमवारीतही असलेल्या एखाद्या विद्यापीठाकडे अर्ज अवश्य करून ठेवावा.

प्रवर्गाशी संबंध नसलेल्या शिष्यवृत्त्यांत ब्रिटिश सरकारची शेव्हनिंग उपकेंद्रांवर नोकरी करणाऱ्यांना उत्तम. तिला दोन वर्षांचा, म्हणजे २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो, आणि परतल्यावर दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट आहे. कंत्राटी नोकरीही अनुभवातच मोजली जाते. तेव्हा तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडून नेमणुकीच्या तारखा व कामाचे स्वरूप स्पष्ट लिहिलेले अनुभव प्रमाणपत्र आजच मागून घ्यावे, अधिकारी बदलून गेल्यावर ते मागणे फार जड जाते. फुलब्राइट-नेहरू शिष्यवृत्तीत सार्वजनिक आरोग्य हा मान्य विषय आहे, पण अनुभव तीन वर्षांचा हवा. राष्ट्रकुल शिष्यवृत्त्यांत ‘शेअर्ड’ नावाचा एक प्रकार आहे तो ज्यांना एरवी ब्रिटनमध्ये शिकणे परवडलेच नसते अशांसाठी. नोकरीत असलेल्यांनी नोकरीचा आणि शिष्यवृत्तीचा असे दोन्ही करारनामे शेजारी ठेवून वाचावे. आंबेडकरांना १९१३ साली सयाजीराव महाराजांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन कोलंबियास पाठविले, त्याही करारात परतल्यावर संस्थानची दहा वर्षे चाकरी करण्याची अट होती. आणि बडोद्यात त्यांना राहायला जागासुद्धा कोणी दिली नाही तेव्हा ती चाकरी कशी सुटली हे सर्वश्रुत आहे. त्याच आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात कामकरी स्त्रियांच्या प्रसूती रजेच्या विधेयकाची बाजू मांडली, आणि पुढच्या वर्षी तो कायदा झाला.

राहता राहिला तो निबंध. परदेशी शिष्यवृत्तीच्या अर्जात ‘तुम्हांला हे का शिकायचे आहे’ हा प्रश्न असतोच, आणि आपल्याकडील शंभरांतील नव्वद अर्जदार त्याचे उत्तर ‘माझा जिल्हा मागासलेला आहे’ या वाक्याने आरंभतात. हे वाक्य वाचणाऱ्याने त्याच दिवशी चाळीसदा वाचलेले असते. त्याऐवजी जे तुम्ही डोळ्यांनी पाहिले ते सांगा. पूर्णेच्या खोऱ्यात जळगाव जामोद, संग्रामपूर, नांदुरा, शेगाव या तालुक्यांतून जो खारपाणपट्टा जातो, तेथील गरोदर बायका विहिरीचे खारे पाणी पितात. बांगलादेशात खुलना भागातील किनाऱ्यावर संशोधकांनी पिण्याच्या पाण्यातील क्षार आणि गरोदरपणातील वाढता रक्तदाब यांचा संबंध अभ्यासला, तसा तो आपल्या पट्ट्यात आहे काय? दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर मातांची तपासणी असते. त्या दिवशी तुमच्या केंद्रावर रक्तदाब वाढलेल्या किती बायका आल्या, आणि त्यांतील किती खारपाण्याच्या गावांच्या होत्या, हे तुम्ही स्वतः नोंदले असेल तर तुमच्याजवळ एक प्रश्न आहे, आणि शिष्यवृत्ती देणारे प्रश्नालाच पैसे देतात. राणी व अभय बंग जॉन्स हॉपकिन्सहून सार्वजनिक आरोग्याची पदवी घेऊन १९८४ साली परतले आणि गडचिरोलीत बसले. १९८९ साली वसा व अमिर्झा या दोन गावांतील स्त्रियांच्या तपासणीवरचा त्यांचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला, आणि तपासलेल्या बायकांपैकी ९२ टक्क्यांना स्त्रीरोग होते हे जगाला कळले. पुढे १९९९ साली त्यांच्या घरोघरच्या नवजात बालसेवेचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले; आज आपली आशाताई बाळंतिणीच्या घरी बेचाळीस दिवसांत ठरलेल्या फेऱ्या करते ती त्याच कामाची वंशज पद्धत आहे. तुमच्या निबंधात त्या फेरीतील एखादा प्रसंग खरा आणि नेमका उतरला, पावसाळ्यात नाला भरला असताना तुम्ही काय केले, कोणाला फोन केला, गाडी किती वेळाने आली, तर तो विशेषणांनी भरलेल्या चार पानांहून वजनदार ठरतो. शिफारसपत्रही मोठ्या हुद्द्याच्या पण तुम्हांला न ओळखणाऱ्या माणसाकडून घेऊ नये. ज्या वैद्यकीय अधिकाऱ्याने तुम्हांला रात्री दोन वाजता काम करताना पाहिले त्याचे चार ओळींचे पत्र अधिक मोलाचे.

संशोधनाकडे वळू इच्छिणाऱ्यांसाठी परीक्षांचा मार्ग सरळ आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नेट परीक्षेत गृहविज्ञान, लोकसंख्या अभ्यास, तसेच सामाजिक वैद्यक व सामुदायिक आरोग्य हे विषय आहेत, आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची कनिष्ठ संशोधकांची परीक्षा वेगळी असते. २०२३ पासून कनिष्ठ अधिछात्रवृत्ती दरमहा ३७,००० आणि ज्येष्ठ ४२,००० रुपयांची आहे. परळची राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्था याच परिषदेची. जी आईवडिलांची एकुलती एक मुलगी आहे, तिच्यासाठी पीएच.डी.ला सावित्रीबाईंच्या नावाची निराळी अधिछात्रवृत्ती आहे.

वेळापत्रकाविषयी इतकेच, की शेव्हनिंगची खिडकी ऑगस्टात उघडते आणि ऑक्टोबरच्या आरंभी बंद होते, म्हणजे आपल्याकडील पोळा ते दसरा एवढाच अवकाश असतो. आणि तो नेमका सोयाबीन काढणीचा असल्याने घरचे लोक शेतात व तुम्ही केंद्रावर अडकलेल्या असता. कागदांचे काम त्यात कधीच होत नाही. ते उन्हाळ्यात करावे, आणि आरंभ आजोबांच्या शाळेपासून करावा. दाखल-खारीज नोंदवहीचा उतारा मागण्यास शाळा सुरू असताना, अकरानंतर, मुख्याध्यापक हजर असतील अशा दिवशी जावे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी. आणि उतारा हाती आला की जातीचा रकाना, जन्मतारीख व शिक्का ही तीनही तेथेच उभे राहून मोठ्याने वाचून घ्यावीत.